इथं काही नाही

गेल्या रविवारी कापूरहोळ फाट्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर दोघे भाऊ, बायकामुलांसकट, केतकावळ्याच्या बालाजीला निघालेले. विषय मुंबई-गोवा क्रूझचा. दोन्ही घरं नुकतीच जाऊन आली होती आणि थोरला अजून धुमसत होता. "गोवा म्हणून पैसे घेतले आणि उतरवलं मुरगावच्या धक्क्यावर. पणजीला जाऊन येतो न येतो तोच परत चढायची वेळ. हे काय बंदर झालं?" धाकट्याला हे पटेना. "दादा, आपण पैसे बोटीचे दिले होते. मी तर उतरलोच नाही. दिवसभर डेकवर बसून समुद्र पाहिला. इतका निवांत मी वर्षात बसलो नव्हतो." थोरल्या वहिनींचं तिसरंच. त्यांनी टॅक्सी करून मंगेशी गाठली होती, ओटी भरून आल्या होत्या. बंदर कसं होतं हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

मग थोरल्याने चहावाल्याला विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?"

"डावीकडं बालाजी, नारायणपूर. उजवीकडं भोर. इथं काही नाही."

हे उत्तर मला लागलं. कापूरहोळ म्हणजे धाराऊंचं गाव. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची तब्येत खालावलेली, बाळाला दूध पुरेना, तेव्हा याच गावच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंना गडावर बोलावून घेतलं. त्यांनी आपलं दूध छत्रपतींच्या लेकराला पाजलं. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ झाले. दोन वर्षांनी सईबाई गेल्या. त्या पोरक्या पोराला ज्या बाईच्या अंगाची ऊब ठाऊक होती, तिचं गाव हे. आणि फाट्यावर उभं राहून आपलाच माणूस सांगतो, इथं काही नाही!

त्याला दोष देणार नाही. येणारा प्रत्येक जण त्याला फक्त पुढचा रस्ता विचारतो. वर्षानुवर्षं तोच प्रश्न ऐकला की आपलं गाव हा नुसता फाटा आहे असं गावालाही वाटू लागतं. क्रूझच्या बंदरांचं हेच झालं आहे. रोमचं बंदर म्हणून बोट चिव्हितावेकियाला लागते. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, पॅरिससाठी ल हाव्र. आमची मराठी मंडळी धक्क्यावरून थेट बसमध्ये चढतात, अर्धा दिवस रस्त्यात घालवतात आणि घरी येऊन सांगतात, बंदर अगदीच टाकाऊ. लिव्होर्नोत ते किती पावलं चालले? शंभर?

थोरल्याचा राग खरा आहे, हे मी मान्य करतो. आयुष्यभराच्या शिलकीतून काढलेली सहल असते, सोबत गुडघे दुखणारी आई असते. तिला उन्हात टॅक्सीसाठी उभं करायचं म्हणजे जिवावर येतं. पण तो राग मुरगाववर काढू नये. मुरगाव हे काम करणारं बंदर आहे. तिथे खनिज चढतं, कोळसा उतरतो, हजारो घरं त्यावर चालतात. त्याने कुणाला समुद्रकिनारा कबूल केलेला नव्हता. कबूल केला तो सहलीच्या पत्रिकेने. पत्रिकेत बोट ज्या धक्क्याला लागते त्याचं खरं नाव छापा, गाव तिथून किती किलोमीटर तेही छापा, आणि प्रवाशाच्या हाती नक्की किती तास उरतात ते ठळक अक्षरात छापा. तीन ओळींचं काम आहे. ते होत नाही, कारण खरा आकडा वाचून काही जण पैसे भरणार नाहीत.

बालाजीबद्दलही असेच दोन तट आहेत. तिरुपतीची प्रतिकृती, मग इथे कशाला जायचं, असं म्हणणारे मला भेटतात. ज्या म्हातारीला तिरुपतीचा प्रवास झेपणार नाही, तिला केतकावळ्यात हात जोडताना मी पाहिलं आहे. मी त्या म्हातारीच्या बाजूचा. नारायणपूरचं मात्र वाईट वाटतं. बसमधून उतरलेली माणसं दत्ताचं दर्शन घेतात आणि लगेच गाडीत बसतात. तिथेच नारायणेश्वराचं जुनं दगडी देऊळ उभं आहे, त्याच्या दारावरचं कोरीवकाम पाहायला वेळ काढणारे थोडे.

आपल्या किनाऱ्यावर एके काळी बोटी थांबत. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. कितीतरी ठिकाणी धक्काच नव्हता. बोट दूर उभी राहायची आणि पडावातून, भिजत, ओकत, ट्रंक सांभाळत माणसं किनाऱ्याला लागायची. त्यांना कुणी विचारलं असतं, हे बंदर कसं आहे, तर प्रश्नच कळला नसता. किनाऱ्यावर कोणीतरी न्यायला आलेलं असायचं. आजची गोव्याची बोट ही सगळी गावं रात्रीच्या अंधारात मागे टाकते. विजयदुर्गाच्या तटाजवळून जाणाऱ्या दोन हजार माणसांना तो दाखवावासा न वाटणं हा मला त्या सहलीतला सर्वात मोठा तोटा वाटतो.

मी बाकावरून उठलो आणि त्या कुटुंबाला धाराऊंचं सांगितलं. मला राहवलंच नाही. थोरला गप्प झाला, मग म्हणाला, "हे कुणी सांगितलं नव्हतं." वहिनींनी कप खाली ठेवला, पदर नीट केला आणि चहावाल्याला विचारलं, "दादा, गावात जायला वाट कुठून?"

तो गल्ल्यावरून उठून रस्त्यापर्यंत आला.