पाचव्या दिवसाची घाई

डिसेंबरात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभे राहा. कानाला मफलर गुंडाळलेलं कुणीतरी येतं, खोकतं आणि म्हणतं, "भैया, अजिथ्रो देना, पाँच सौ वाली." चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही. परवा माझ्यासमोर एका काकूंनी घरातल्या तिघांसाठी तीन पत्ते घेतले. विचारलं तर म्हणाल्या, "पाच दिवस झाले हो, खोकला थांबेचना. सासूबाईंचा कफ तर हिरवा झालाय."

पाच दिवस आणि हिरवा कफ. आपल्या हिवाळ्यातली सगळी चूक या दोन गोष्टींत आहे.

आधी पाच दिवस. सर्दीचा विषाणू नाकाघशातून खाली श्वासनलिकांत पोचतो, नळ्या सुजतात, कफ धरतो. डॉक्टर याला ॲक्यूट ब्रॉंकायटिस म्हणतात; घरात आपण 'सर्दी छातीत उतरली' म्हणतो, आणि ते अगदी नेमकं आहे. दहातल्या नऊ जणांत कारण विषाणूच असतो. ताप, अंगदुखी लवकर ओसरते, खोकला मात्र मुक्काम ठोकतो. कारण नळ्यांच्या अस्तरावरचे कफ वर ढकलणारे सूक्ष्म रोम विषाणूने सोलून काढलेले असतात. ते पुन्हा उगवेपर्यंत कफ बाहेर काढायला खोकलाच लागतो. 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना विचारलं, असा खोकला किती दिवस टिकतो? उत्तर आलं, सात ते नऊ दिवस. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींची सरासरी निघाली जवळजवळ 18 दिवस. नको ती अँटिबायोटिकं खपतात ती या मधल्या दहा दिवसांत.

आता हिरवा कफ. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट विकराचा. लढाई चालू आहे एवढंच तो सांगतो. समोर विषाणू आहे की जिवाणू, हे रंगावरून कळत नाही.

अजिथ्रो म्हणजे अझिथ्रोमायसिन, जिवाणूंवरचं औषध. अशा खोकल्यात अँटिबायोटिक देऊन झालेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर फायदा निघतो सरासरी अर्ध्या दिवसाचा. बदल्यात मळमळ आणि जुलाब. तरी 2019 मध्ये देशाच्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे हीच 500 मिलिग्रॅमची गोळी. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आज आपण ती उगाच खाऊन जिवाणूंना सरावाची करतोय; उद्या घरात टायफॉइड आला की हीच गोळी लागेल आणि तेव्हा ती चालणार नाही.

सिरपचं तर बोलायलाच नको, असं म्हणून आपण गप्प बसलो आणि आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक लेकरं गेली. साध्या सर्दी-खोकल्याला दिलेल्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. मूत्रपिंडं निकामी झालेली मुलं घेऊन आईबाप नागपूरला धावले. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, आणि एरवीही पाच वर्षांखाली ती सहसा नकोत.

मग करायचं काय? विश्रांती, कोमट पाणी, तापाला पॅरासिटामॉल, रात्री चमचाभर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको. वाफारा घेतलात तरी उकळत्या पातेल्याजवळ मूल नको. आणि धूर टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत हवेतल्या सूक्ष्म कणांत आपलं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं: वर्षाची सरासरी 176 मायक्रोग्रॅम, तेव्हाची सुरक्षित पातळी 10. सोललेल्या नळ्यांवर हा धूर म्हणजे जखमेवर मीठ. निदान आपल्या गल्लीतल्या शेकोटीत टायर आणि प्लॅस्टिक जाऊ देऊ नका. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चावून गवई गळा जपायचे, असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण गळा बसला की गवईसुद्धा आधी त्याला विसावा देतो.

धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचं असं मात्र नाही. धाप लागत असेल, ताप उतरून पुन्हा चढत असेल, कफात रक्त दिसत असेल, श्वास घेताना छातीत टोचत असेल, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो न्यूमोनिया असू शकतो. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान बाळांच्या आईबापांनी तर वाट पाहूच नये. आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला की, तो साधाच असण्याची शक्यता असली तरी, क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेतल्या तर क्षय काही काळ दबतो आणि निदान लांबतं.

काकूंना मी विचारलं, सासूबाईंना धाप लागते का? "कालपासून पलंगावरून उठलं तरी लागते." म्हणजे तिघांतल्या दोघांना गोळीची गरज नव्हती आणि तिसरीला गोळीआधी छाती तपासणाऱ्या डॉक्टरची गरज होती. एकच गोळी तिघांना वाटली असती, तर हा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता.

घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीत खोकल्याचा पहिला दिवस लिहा. मेडिकलच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ते दिवस मोजा.