फॉरमॅट मारला, पुरावा गेला

"वहिनी, काल रात्री ओरडण्याचा आवाज आला का हो तुमच्याकडे?"

"आला की! आमचे हे उठून बसले. म्हणाले, चोर शिरला."

"चोर कसला, आमचा धाकटा. लॅपटॉप परत निळा झाला."

आमच्या सावेडीत घराघरांतली कंपाउंडची भिंत कमरेएवढीच असते. वाळवण टाकायला बरी, आणि कोपर टेकून बोलायला त्याहून बरी. हल्ली तिच्यावर हाच एक विषय आहे. वहिनींना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण मत ठाम.

"मी म्हणते, तो गेमच काढून टाका. रात्ररात्र बंदुका चालवल्यावर मशीन काय करणार?"

"गेम नसतानाही होतं वहिनी. परवा नुसतं गाणं लागलं होतं. पडदा निळा, वर रडका चेहरा, आणि आपोआप बंद होऊन चालू."

ह्यांचा पहिला संशय महावितरणवर. तो कायम तिथेच असतो. पण अडॅप्टरवर स्वच्छ छापलंय, 100 ते 240 व्होल्ट. शिवाय मधे बॅटरी. लाइट गेली तरी लॅपटॉपला पत्ता लागत नाही. मग संशय गेला उन्हाळ्यावर. नगरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि हा पठ्ठ्या गादीवर लॅपटॉप ठेवून बसणार, खालची जाळी बंद. तेही वाईटच, पण फार तापलं की मशीन सहसा एकदम बंद पडतं, निळा पडदा दाखवत बसत नाही. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्याने काही बिघडलं नाही, एवढं खरं.

"आणि दुकानात नेला होतात ना?"

"नेला. काय झालं, कधीपासून होतंय, एक अक्षर विचारलं नाही. 'फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी या.' पैसे मोजून घरी आणला, आठवडा होतोय न होतोय तोच परत निळा. परत नेला, तर परत फॉरमॅट!"

"बाई गं. पोराचे फोटो-बिटो?"

"ते पेन ड्राइव्हवर होते म्हणून वाचले. पण भाचा काय चिडला फोनवर! हिंजवडीत कंपनीत आहे ना तो. म्हणाला, मामी, पुरावाच पुसून टाकलात."

त्याचं म्हणणं असं, की निळा पडदा हा आजार नव्हे. आत काहीतरी भलतं घडलं, पुढे गेलो तर तुमचा डेटा बिघडेल, म्हणून विंडोज स्वतःच थांबतं आणि थांबताना कारण लिहून ठेवतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक वेळची छोटी फाइल पडते. फॉरमॅट मारला की त्या फाइली गेल्या. दुकानदाराने आधी त्या बघायला नकोत? पण बघायला वेळ लागतो, आणि फॉरमॅटचे पैसे ठरलेले.

मग भाच्याने सेटिंगमधून आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायला लावलं, म्हणजे पडदा तसाच थांबतो. धाकट्याने दर वेळी मोबाइलवर फोटो काढला. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट.

"म्हणजे रोज नवीन दुखणं?" वहिनी म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. तर तो म्हणतो, उलट आहे मामी. दर वेळी तेच नाव, तीच ड्रायव्हरची फाइल आली तर आधी ड्रायव्हर धरायचा. नावं अशी भरकटायला लागली की आधी रॅम तपासायची. आणि आठवतंय का, दिवाळीत पोराने हट्टाने रॅमची दुसरी पट्टी बसवून घेतली होती. तेव्हापासूनच तर हे सुरू झालं!"

"आमच्या जावयांचं विमान रखडलं होतं, तेव्हाही सगळीकडे निळंच होतं म्हणे."

"ते 19 जुलै 2024. क्राउडस्ट्राइक नावाची सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी, तिच्या अपडेटमधली एक फाइल सदोष निघाली. मायक्रोसॉफ्टने आकडा दिला 85 लाख मशीनचा. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. आणि इलाज काय सांगितला? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल काढा. दोष कुठे आहे ते कळल्यावर काम तेवढंच उरतं."

रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उपडा घातला. स्क्रू वाटीत, तेही लांब-आखूड वेगळे, कारण चुकीचा लांब स्क्रू आत रुततो. आधी बॅटरीची वायर सोडवली. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक चिमटे असतात. ते नखाने बाजूला सारले की पट्टी टचकन तिरकी वर उठते. मग एकेक पट्टी एकटी लावून रात्रभर मेमटेस्ट. जुनी दोन्ही खाचांत निर्दोष. नवी ज्या खाचेत घालाल तिथे लाल ओळीच लाल ओळी. म्हणजे खाच ठीक, पट्टीच खराब.

"सुटलात बाई एकदाच्या निळ्या पडद्यातून."

"आता तो निळाही नाही राहिला. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये तो काळा केला, रडका चेहराही काढला. पण कागदावर अहिल्यानगर झालं तरी आपण एसटीत 'एक नगर द्या' म्हणतोच ना? पोरं त्याला निळाच म्हणणार."

वहिनी हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, आमच्या जावयांचाही लॅपटॉप असाच करतोय. उद्या दुकानात टाकणार आहेत."

"मग आजच फोन लावा. म्हणावं, दुकानात द्यायच्या आधी ते मिनीडंप फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि नवीन काही बसवलं असेल तर त्याचं बिल शोधा. रॅमला बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षांची वॉरंटी देतात, पण बिल विचारतात."