रीतसर गैरहजेरी

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ साली कलम १३५-ब ही जी भर पडली, ती वाचताना कायद्याचे मसुदे करणाऱ्यांविषयी आमच्या मनात जो आदर दाटून आला, तो त्याच अधिनियमाची उरलेली कलमे वाचताना क्वचितच आला होता. मतदानाच्या दिवशी प्रत्येक नोकरदारास, किंबहुना रोजंदारीवरील मजुरासही, पगारी सुट्टी मिळावी, असे हे कलम सांगते. आणि लगोलग असेही सांगते की, ज्याच्या गैरहजेरीमुळे त्याच्या कामात धोका उत्पन्न होईल किंवा मोठे नुकसान होईल, त्यास हे कलम लागू नाही. अर्थात ज्याच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, त्याने घरी जेवावे, वामकुक्षी करावी आणि ऊन कलल्यावर सवडीने जाऊन राज्यकर्ते निवडावेत. ज्याच्यावाचून अडते, त्याने मुकाट्याने कामावर रुजू व्हावे. निरुपयोगीपणाचा इतका प्रांजळ सत्कार अन्य कोणत्याही कायद्यात आमच्या पाहण्यात आलेला नाही.

या कलमाचे भाष्य ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने भुसावळनजीकच्या दीपनगरास जावे. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, शेजारी ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे, आणि यांपैकी एकासही मतदानाचा दिवस उजाडल्याचे कळत नाही. १३ मे २०२४ रोजी रावेर मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. खानदेशातील मे महिना म्हणजे काय, हे ज्याने भुसावळच्या फलाटावर दुपारी दोन वाजता गाडीची वाट पाहिली आहे त्यास सांगावयास नको. मतदानयंत्र आपल्या बॅटरीवर चालते, त्यास दीपनगरचे काही देणे लागत नाही. परंतु केंद्राध्यक्षाच्या मस्तकावरील पंखा, रांगेतील मतदारांच्या घरचे कूलर आणि रात्री आकडेवारी सांगणाऱ्या वृत्तवाहिन्यांचे दिवे यांची व्यवस्था बॅटरीवर भागत नाही. त्याकरिता कोणीतरी कंट्रोल रूममध्ये बसून बाष्पाचा दाब न्याहाळत राहावे लागते, आणि रिलिव्हर येऊन खुर्चीत बसल्याखेरीज आपली खुर्ची सोडता येत नाही, हा तेथला दंडक असतो. लोकशाहीचा हा उत्सव ज्यांच्या उजेडात साजरा होतो, त्यांस त्या उत्सवाचे आमंत्रण पोहोचविण्याची विवंचना राज्यसंस्थेस पडली असल्यास नवल नाही.

राज्यसंस्था कृतघ्न आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती होऊन ‘अनुपस्थित मतदार’ असा एक नवा वर्ग निर्माण करण्यात आला, आणि वयोवृद्ध व दिव्यांग यांच्या पंक्तीस अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांचेही पाट मांडण्यात आले. कोणती सेवा अत्यावश्यक, हे निवडणूक आयोग त्या त्या वेळी अधिसूचनेने ठरवितो. वीज, रेल्वे, आरोग्य अशी खाती त्यात येतात. खात्याचे नाव एकदा यादीत आले की कर्मचाऱ्यास टपाली मतपत्रिकेवर मत देता येते. परंतु गैरहजर राहण्याचा हा अधिकार बऱ्याच ठिकाणी हजर झाल्यावाचून पदरात पडत नाही. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दफ्तरी दाखल व्हावा लागतो. अर्जदार मतदानाच्या दिवशी खरोखरीच कामावर असणार, असा खात्याच्या समन्वय अधिकाऱ्याचा दाखला त्यावर असावा लागतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे वसुबारसही उजाडलेली नसताना, घरोघर चकलीचे सोरे माळ्यावरून खाली निघत असताना, चार आठवड्यांनी येणाऱ्या एका बुधवारी आपली पाळी पहिली की रात्रीची, हे त्या गृहस्थाने एकदा ईश्वरास आणि एकदा ड्युटीच्या तक्त्यास विचारून ठेवावयाचे. तक्ता पुढे बदलला तर? टपाली मतपत्रिका ज्याच्या नावे निघाली त्याच्या नावापुढे मतदार यादीत तशी खूण होते; मग ऐन दिवशी तो घरी मोकळा बसला असला आणि मतदान केंद्र त्याच्या वसाहतीतच असले, तरी तेथे त्यास मत देता येत नाही. एकदा गैरहजर ठरलेल्या माणसाने आयत्या वेळी हजर होण्याचा उद्धटपणा करू नये, एवढीच सरकारची माफक अपेक्षा आहे.

मतदानापूर्वी नेमून दिलेल्या तीन दिवशी टपाली मतदान केंद्र उघडते. तेथील विधी मोठा प्रेक्षणीय असतो. पाळी संपवून, कॉलरवर कोळशाची बुकणी तशीच घेऊन आलेल्या तंत्रज्ञापुढे मतपत्रिका, प्रतिज्ञापत्र, एक लहान लिफाफा व एक मोठा लिफाफा असा सरंजाम मांडला जातो. मतपत्रिकेचा अनुक्रमांक प्रतिज्ञापत्रावर असला पाहिजे. प्रतिज्ञापत्रावर अधिकाऱ्यासमक्ष सही होऊन ती साक्षांकित झाली पाहिजे. मतपत्रिका लहान लिफाफ्यात शिरली पाहिजे. त्या लिफाफ्यावर पुनश्च तोच अनुक्रमांक आला पाहिजे. आणि प्रतिज्ञापत्र, जे चुकूनही लहान लिफाफ्यात जाता कामा नये, ते व तो लिफाफा मिळून मोठ्या लिफाफ्यात विराजमान झाले पाहिजेत. मतमोजणीच्या दिवशी सकाळी ८ वाजता प्रथम हेच लिफाफे हाती घेतले जातात. प्रतिज्ञापत्रावर सही किंवा साक्षांकन नसेल, अथवा अनुक्रमांकांत तफावत असेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. शेकडो मेगावॅटचा संच ज्याच्या एकट्याच्या सहीवर बंद किंवा सुरू होतो, त्याची सही त्याचीच आहे असे सांगावयास येथे दुसरा मनुष्य लागतो.

वृद्धांच्या बाबतीत सरकारने याहून मोठा चमत्कार करून दाखविला. घरबसल्या मतदानाची सवलत प्रारंभी ८० वर्षांवरील मतदारांस होती. मार्च २०२४ मध्ये ही मर्यादा ८५ वर नेण्यात आली. च्यवन ऋषींस यौवन परत मिळवून देण्याकरिता प्रत्यक्ष अश्विनीकुमारांस यावे लागले. आमच्याकडील ८२ वर्षांचे आजोबा राजपत्रातील एका ओळीने पुन्हा चालतेफिरते झाले. जे खरोखरीच पंचाऐंशीच्या पलीकडे पोहोचले आहेत, त्यांच्या ओसरीवर मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा इसम असा लवाजमा येतो, हवे असल्यास उमेदवारांचे प्रतिनिधीही येतात, आणि या सर्वांच्या साक्षीने आजीबाई पुठ्ठ्याच्या आडोशाआड गुप्त मतदान करतात. गल्लीतील मंडळी दाराशी लोटलेली असतात, ती निराळीच.

येथवर आपण ज्यांच्या अनुपस्थितीस नमुना आहे अशा भाग्यवंतांचा विचार केला. सीमेवरील सैनिकास तर २०१६ पासून मतपत्रिका विजेच्या वेगाने संगणकावर मिळते, आणि टपालाच्या वेगाने परत पाठवावी लागते. परंतु पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस गेलेला, उधना किंवा लिंबायत भागात खोली करून राहिलेला मनुष्य कोणत्या नमुन्यात बसतो? तो जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथे त्याने नाव नोंदवावे, असे कायदा म्हणतो. त्याचे घर, शेत, आई आणि भाऊबंदकीचा दावा मात्र अमळनेर तालुक्यात असतो. गावाकडील यादीत नाव राहिले, तर त्याने सुरत-भुसावळ गाडीने येऊन मत द्यावे. न आला, तर केंद्राध्यक्षाजवळ एक निराळी यादी असते. तीत अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत अशा तिघांची नावे एकत्र नांदतात. उधन्याच्या मागावर बारा तास उभा राहणारा हा विणकर गावच्या दफ्तरी कैलासवासी पाटलांच्या शेजारी बसविला जातो, आणि दोघांपैकी कोणीही तक्रार करीत नाही.

अशा मतदारांसाठी दूरस्थ मतदानयंत्राची एक तजवीज झाली होती. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील, असे आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांस ते यंत्र दाखविण्याचे योजले. विरोधी पक्षांनी शंका काढल्या, आणि स्थलांतरित मतदार होता तेथेच राहिला. परदेशस्थ नागरिकासही मताधिकार आहे. त्याने फक्त मूळ पारपत्र घेऊन आपल्या गावच्या शाळेतील मतदान केंद्रात समक्ष हजर व्हावयाचे. एस्टोनियासारखा चिमुकला देश २००५ पासून आपल्या नागरिकांस घरबसल्या संगणकावरून मत देऊ देतो, हे ऐकून आम्ही त्या देशाच्या बेफिकिरीबद्दल हळहळतो.

गैरहजेरीचा हा सारा काच मतदारासच का, असा प्रश्न कोणी विचारील. आणि तो रास्त आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९० अन्वये विधानमंडळाचा सदस्य परवानगीवाचून सलग साठ दिवस सर्व बैठकींस अनुपस्थित राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त झाल्याचे जाहीर ‘करू शकते’. आणि सभागृह चार दिवसांहून अधिक काळ तहकूब असल्यास ते दिवस या साठांत धरावयाचे नाहीत. अधिवेशनांची लांबी पाहता हे साठ दिवस भरण्यास किती काळ लोटेल, याचा हिशेब वाचकांनी फावल्या वेळी करावा. मतदारास पाच दिवस, प्रतिनिधीस साठ. आणि मतदारसंघातील गैरहजेरीचा तर कोठे उल्लेखच नाही.

याकरिता आमची एक नम्र सूचना आहे. निवडून आलेल्या सदस्यासही नमुना १२-ड लागू करावा. पुढील पाच वर्षे आपण मतदारसंघात कोणकोणत्या दिवशी नसणार, हे त्याने निकालानंतर पाच दिवसांच्या आत लेखी कळवावे. आपल्या गैरहजेरीमुळे कोणते अत्यावश्यक कार्य अन्यत्र पार पडत आहे, याचा दाखला जोडावा. प्रतिज्ञापत्र मोठ्या लिफाफ्यात आणि विकासाची आश्वासने लहान लिफाफ्यात घालावीत. साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याची आम्ही अट घालीत नाही. निवडणुकीनंतर सदस्यास मतदारसंघात प्रत्यक्ष पाहिल्याचे ज्यास स्मरते, असा कोणताही एक मतदार चालेल. तसा मतदार मिळाला नाही, तर काय करावयाचे ते नियमांत स्पष्टच आहे : आतला लिफाफा उघडण्याचे कारण नाही.