जिलबीच्या गळ्यातली चिठ्ठी

अहो, ऐकलंत का? या ना, जरा कुंपणापाशी या. आधी गॅस बंद करून या पण, हे काही दोन मिनिटांत आटपणारं नाही. मी बघा मेथीची जुडी घेऊनच उभी आहे. हात चालू असले म्हणजे ‘बायका नुसत्या गप्पा मारतात’ असं म्हणायची कोणाची टाप नाही.

तर आमच्या माईंची जिलबी. ती हो, पिवळी धमक, पाठीवर वेटोळी असलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये बसून अख्ख्या सोसायटीचं ऑडिट करते ती. माईंच्या तोंडी एकच वाक्य, “आमची जिलबी पक्की इनडोअर. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही!” हे वाक्य आम्ही हळदीकुंकवाला ऐकलं, सत्यनारायणाचं तीर्थ घेताना ऐकलं, लिफ्ट बंद पडली तेव्हा आत अडकून ऐकलं. एवढं कौतुक त्यांनी आपल्या सुनेचं... जाऊ दे, मी कशाला बोलू.

तर काय सांगत होते, मंगळवारी माईंकडे भिशी होती. साबुदाणा वडे, दह्याची चटणी, सगळं साग्रसंगीत. सी विंगमधली ती आयटीतली मुलगी पण आली होती, तिची मांजर आहे ना कोको. तिनं सहज विचारलं, “माई, जिलबीला कॉलर का नाही घालत?” झालं! माईंनी वडा खाली ठेवला. म्हणाल्या, “घरातल्या घरात कोणी गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरतं का? उनाड मांजरांना लागते कॉलर. आमच्या जिलबीचं उंबऱ्याबाहेर...”

आणि वाक्य तसंच राहिलं बघा. आतल्या खोलीतून जिलबी आली. शेपटी अशी उभी, झेंड्यासारखी. आणि गळ्यात काय? वहीच्या कागदाची पट्टी! दोन्ही टोकं सेलोटेपनं चिकटवलेली, वर निळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं. बी विंगच्या वहिनींना अशा वेळी चष्मा लगेच सापडतो. त्यांनी जिलबीला मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, “हे मांजर कोणाचं आहे? रोज दुपारी आमच्याकडे जेवायला येतं. आम्ही सखू म्हणतो. मालक असल्यास फोन करावा.” खाली नंबर.

सखू! अहो, माईंचा चेहरा... दुधात लिंबू पडल्यासारखा झाला. माईंचे नाना वर पंख्याकडे बघायला लागले, जणू आजच बसवलाय. सूनबाई ‘चहा बघते’ म्हणून आत गेली, पण खांदे हलत होते तिचे, मला दाराच्या फटीतून स्वच्छ दिसत होतं. आणि जिलबी? ती सगळ्यांच्या मधोमध बसून पंजा चाटत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, ही तर पिऊन आली होती.

फोन स्पीकरवर लावला. लावावाच लागला, आम्ही सोडतोय का! पलीकडे तुमच्याही मागच्या गल्लीतल्या एक काकू. “अय्या, तुमची होय? आम्हाला वाटलं बेवारशी. गळ्यात काही नाही, म्हणून महिनाभर दूधभात घालतेय बिचारीला.”

बिचारीला! आणि दूधभात! आता तुम्हाला ते पोटाचं प्रकरण माहीतच आहे. महिनाभर जिलबीचं पोट बिघडलेलं. माईंनी खाणं बदललं, मग वाटी बदलली, शेवटी दृष्टसुद्धा काढली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं म्हणे, बाहेरचं काही खाते का? माईंनी दोन्ही वेळा ठणकावून ‘छे’ म्हटलं. आता डॉक्टर सांगतात, पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, वाटीभर दुधानंसुद्धा जुलाब होतात. आपण आपलं जन्मभर मांजर आणि दूध, मांजर आणि दूध करत बसलो.

बरं, ही जात होती कुठून? नानांनी गॅलरीची कबुतरांची जाळी तपासली, दाराखालची फट मोजली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाथरूमची ती झडपांची खिडकी आहे ना, तिची खालची एक काच गणपतीपासून निघालेली. ‘आज बसवतो, उद्या बसवतो’ कोण म्हणत होतं, ते मी सांगायला नको. तिथून सज्जावर, सज्जावरून पाइपाच्या कोपऱ्यानं खाली, भिंतीवरून पलीकडे. दुपारी माई घोरत... म्हणजे विश्रांती घेत असताना.

तर काय सांगत होते, कॉलर. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हाच विषय. नाना म्हणाले, काच बसवली, प्रश्न मिटला. मी म्हटलं, नाना, रंगवाले येतात तेव्हा दार उघडं राहतं, गॅसवाला येतो, दिवाळीत फटाका वाजला की मांजर कुठून निसटेल सांगता येत नाही. आणि घरातली मांजर चुकून बाहेर पडली की ती काही पेठा फिरायला जात नाही. जवळच्याच गाडीखाली नाहीतर जिन्याखाली भेदरून बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. तिला बघणाऱ्याला कसं कळणार ही कोणाची आहे? सखूचंच उदाहरण घ्या. मी ‘सखूचं’ म्हटलं आणि माईंनी असं बघितलं माझ्याकडे, की मी आपली पाणी प्यायला उठले.

पण कॉलर घालायची ठरली एकदाची. माईंना बाजारची कशी चालेल? जुन्या पैठणीचा काठ काढला, आत परकराचं इलॅस्टिक ओवलं, पुढे तुळशीबागेतलं घुंगरू. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? उंदरांची सभा पुस्तकात वाचली होती, इथे सोसायटीची भरली. सेक्रेटरी म्हणाले, रीतसर ठराव मांडा. नाना म्हणाले, मला बीपी आहे. शेवटी काय, सूनबाई! तिनं मागून हळूच घातली, आणि जिलबी आधी दगडासारखी बसली. मग एकदम उलटी चालायला लागली. अहो, खरंच, गाडी रिव्हर्स घेतात तशी, पोट जमिनीला लावून, थेट सोफ्याखाली.

रात्री तीन वाजता छुन छुन. नाना दचकून उठून बसले, काय वाटलं असेल त्यांना, मध्यरात्री घुंगरू म्हणजे... आयटीवाली म्हणाली, “नाना, तुम्हाला एवढा त्रास, तर तिला किती?” आपले कान फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचं ऐकतात, मांजराचे 60,000 च्याही पुढचं. आणि घंटा असते ती पक्ष्यांना सावध करायला. घरात कुठला पक्षी? कॅलेंडरवरचा मोर?

तिसऱ्या दिवशी तर कहरच. जिलबी तीन पायांवर लंगडत आली. गळा खाजवता खाजवता पुढचा पाय त्या इलॅस्टिकमध्ये गेला आणि काखेत अडकला. माई ‘अगं बाई, अगं बाई’ करत उभ्या. सूनबाईनं कात्री आणली आणि पैठणीचा काठ कच्चकन कापला. सासूच्या देखत! मला जिलबीपेक्षा त्या कात्रीचा आवाज जास्त लक्षात राहिलाय. सूनबाई म्हणाली, “माई, पाय महत्त्वाचा की काठ?” आणि माई चक्क गप्प. पण पोरीचं बरोबरच होतं हो. डॉक्टर म्हणाले, इलॅस्टिकचा हाच धोका. ताणलं जातं म्हणून पाय आत शिरतो, मग रुतून बसतं, कोणाच्या लक्षात आलं नाही तर काखेत खोल जखम होते.

त्यात तळमजल्यावरचे काका आले परोपकार करायला. त्यांच्या कुत्र्याची गोचिडांची औषधी कॉलर शिल्लक होती म्हणे, “ही घाला, पिसवा पण जातील.” आयटीवाली अशी ओरडली ना! कुत्र्यांच्या त्या औषधांत पुष्कळदा पर्मेथ्रिन असतं, आणि मांजराला ते म्हणजे विष. झटके येतात, जीवसुद्धा जातो. काका कॉलर खिशात घालून गेले निमूट. चांगलं करायला गेले होते बिचारे, चेहरा एवढासा झाला त्यांचा.

मग आयटीवालीनं कोकोची कॉलर आणून दाखवली. ब्रेकअवे म्हणतात. दिसायला साधी पट्टी, पण तिच्या बक्कलला जोरात ओढ बसली की ती आपोआप सुटते. तिनं सेक्रेटरींच्याच मनगटात घातली, दुसऱ्या हातानं खेचली, टच्च! सुटली. मांजर ग्रिलला नाहीतर खिडकीच्या कडीला अडकलं, तर लटकत राहत नाही. कुत्र्याचा घट्ट बक्कलचा पट्टा मांजराला घालायचा नाही तो याचसाठी. घट्ट किती? कॉलरच्या आत एकदोन बोटं जायला हवीत. मी स्वतः घालून बघितली. गळा असा मऊ, आणि बोटांखाली घुर्रर्र... गाडी चालू ठेवल्यासारखं. सैल ठेवली तर जबडा अडकतो, घट्ट ठेवली तर केस झडतात. आणि पिल्लू असलं तर वाढत्या अंगाला रोज बघावं लागतं.

नानांचा आपला हेका, “मांजरं ठेवतच नाहीत अंगावर काही.” तर तिनं मोबाईल काढला. अमेरिकेत ओहायोतल्या पशुवैद्यांनी अभ्यास केलाय, 2010 साली छापून आलेला. 538 मांजरांना तऱ्हतऱ्हेच्या कॉलरी घातल्या, सहा महिन्यांनी 391 जणींच्या गळ्यात त्या होत्याच. 18 जणींची मात्र एकदा तरी कुठे अडकली, वस्तूत, तोंडात नाहीतर पायात. म्हणजे नाना अगदीच खोटं बोलत नव्हते. पण निम्म्याहून जास्त मांजरं मालकाच्या अंदाजापेक्षा शहाणी निघाली म्हणे. आमच्याकडे माणसांचा असा अभ्यास केला तर... असो.

पण नाना ते नानाच. म्हणाले, “सुटणारच असेल तर घालायची कशाला?” आणि बाई गं, सगळे गप्प! प्रश्न खरा होता. सेक्रेटरींनीसुद्धा मान हलवली. उत्तर दिलं जिलबीचा पाय बघायला आलेल्या डॉक्टरांनी, म्हणून तर चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, सुईनं मानेमागे खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात. बॅटरी नाही, काही नाही, यंत्र धरलं की 15 आकडी नंबर दिसतो, तो तुमच्या नावावर नोंदवायचा. पट्टी सुटली तरी नंबर अंगावरच. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या निवाऱ्यांत येणाऱ्या चुकार मांजरांपैकी शंभरात दोनसुद्धा घरी परतत नव्हती, चिप असलेली मात्र शंभरात 38 परतली.

माईंनी लगेच विचारलं, “मग मोबाईलवर दिसेल ना, सखू कुठे आहे ते?”

अहो, त्यांच्या स्वतःच्या तोंडून! सखू! सूनबाईनं ओढणीच तोंडात कोंबली. माई कानापर्यंत लाल झाल्या, “जिलबी म्हणायचं होतं मला.” आणि मोबाईलवर दिसत नाही हो, तो जीपीएस नव्हे. यंत्र धरल्याशिवाय चिप मुकी. मागच्या गल्लीतल्या काकूंकडे ते यंत्र कुठून असणार? त्यांना गळ्यातला फोन नंबरच वाचता येणार. म्हणून मी म्हटलं, कॉलर शेजाऱ्यांसाठी आणि चिप डॉक्टरांसाठी. डॉक्टर म्हणाले, काकू, माझ्या भिंतीवर लिहून लावतो हे वाक्य. आता मी काही सांगत फिरत नाही हो, तुम्हालाच म्हणून सांगितलं.

सेक्रेटरींनी जाता जाता आपलं घोडं दामटलंच, महापालिकेचा परवाना काढलाय का? 2022 पासून पुण्यात मांजरालाही लागतो, तेव्हा वर्षाला 50 रुपये होते, रेबीजच्या लसीचा दाखला जोडायचा. माईंनी दोन महिन्यांपूर्वी ‘कुत्र्याला असतो तो’ म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. परवा स्वतः विचारायला गेल्या, फॉर्म कुठे मिळतो.

तर आता जिलबीच्या गळ्यात निळी कॉलर आहे. घंटा नाही, लोंबतं पदक नाही, नाव आणि नंबर पट्टीवरच लिहिलाय. दोन दिवस रुसली, पहिल्यांदा घातल्यावर लगेच खाऊ दिला, खेळायला दोरा हलवला, आता विसरलीसुद्धा. बाथरूमची काचही बसली. मागच्या काकूंना भिशीत घेतलंय, दुपारी चुकल्याचुकल्यासारखं होतं, असं म्हणत होत्या त्या.

बरं, निघते मी, मेथी झाली. पण काय हो, तुमचा भुऱ्या, पांढऱ्या मोज्यांचा... तो पक्का इनडोअरच ना? नाही, आपलं विचारलं. तुमचं मागचं दार साडेअकराला धुणंवालीसाठी उघडतं, आणि पावणेबाराला आमच्या ओट्याखाली एक जण सुकटीची वाट बघत बसतो. मोजे पांढरेच आहेत. मी त्याला भाऊसाहेब म्हणते. अहो, चेहरा काय पाडताय! सुटणारी पट्टी आणा, दोन बोटं घालून बघा, घंटा काढून टाका आणि वर फोन नंबर तेवढा ठळक लिहा. मला चष्मा लागतो.