चारचाकी सोडलेला गृहस्थ

पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये चारचाकी विकून केवळ मोटरसायकलवर राहणारा गृहस्थ ही एक स्वतंत्र जात आहे. ज्याच्याकडे चारचाकी कधी नव्हतीच, तो या जातीत मोडत नाही. त्याच्या मोटरसायकलमागे काही तत्त्वज्ञान नसते, ती नुसती ऑफिसला जाते. रविवारी पहाटे बुलेट काढून ताम्हिणी घाटात कांदाभजी खाऊन येणाराही यात धरत नाहीत, कारण त्याची चारचाकी घरी शाबूत असते आणि आभाळ भरून आले की त्याला तिची आठवण होते. येथे विचार करायचा आहे तो कर्जाचे हप्ते फिटल्यावर, पूर्ण शुद्धीत, चालती गाडी विकून टाकणाऱ्याचा आणि विकल्याचे चार लोकांत सांगणाऱ्याचा. दुसरी अट पहिलीइतकीच आवश्यक आहे. न सांगता गाडी विकणाऱ्याला लोक अडचणीत आलेला समजतात.

हा गृहस्थ साधारण पंचेचाळीस ते साठ या वयात सापडतो. त्याची पिढी दुचाकीवरच वाढलेली असते. कायनेटिकची लूना आणि बजाजची चेतक या दोन्ही १९७२ सालच्या. त्यातली पहिली त्याच्या मावशीकडे होती आणि दुसरी त्याच्या वडिलांकडे. चेतक सुरू होईना की तिला एका अंगावर आडवी करण्याचा विधी त्याने लहानपणी भक्तिभावाने पाहिलेला असतो. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तिच्या ॲव्हरेजवर कॉलेजच्या कट्ट्यावर वाद झाले, ते त्याला अजून आकड्यांसकट पाठ असतात. चारचाकी त्याच्या आयुष्यात उशिरा आली. नोकरी स्थिर झाली, मूल झाले, बँकेने कर्ज दिले आणि घरातल्या मोठ्यांनी ‘आता घेऊन टाक’ म्हटले म्हणून आली. तेव्हा ती विकल्यावर ‘मी मुळात मोटरसायकलचाच माणूस’ असे तो सांगतो, त्यात तथ्य असते. पण हे मूळ त्याला पंधरा वर्षे आठवलेले नसते, इतकेच.

गाडी सोडण्याची कारणे विचारली तर तो पर्यावरणापासून सुरुवात करतो. खरे कारण पार्किंग असते. पुण्याच्या मध्यवस्तीत पी-१ आणि पी-२ अशा पाट्या आहेत. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या. लक्ष्मी रस्त्यावर साडी बदलून आणायला निघालेला माणूस या पाट्यांच्या आणि एकेरी रस्त्यांच्या आधाराने फिरत फिरत स्वारगेटपर्यंत जातो आणि साडी न बदलता घरी येतो. कोथरूड-बावधनकडच्या गृहस्थांना विचाराला आणखी वेळ मिळाला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला गेला आणि नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. तोवर त्या परिसरातून गाडी नेणाऱ्याला आयुष्याचा आढावा घेण्याची सोय होती. चारचाकीची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते आणि मोटरसायकलची पाऊण मीटर. पुण्याची वाहतूक जी काही पुढे सरकते, ती या एका मीटरच्या फरकातून. काच वर करून बसलेल्या गृहस्थाच्या दोन्ही बाजूंनी जेव्हा कॉलेजची पोरे, डबेवाले, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुली आणि शेवटी त्याच्याच ऑफिसातला शिपाई निघून जातो, तेव्हा निर्णय होतो.

विक्रीचा सोहळा लहान असतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, एजंटाचा चहा, फास्टॅग बंद करण्यासाठी बँकेशी पत्रव्यवहार. गाडी रिकामी करताना सीटखालून मुलाच्या बालवाडीतल्या बाटलीचे झाकण, दोन चष्मे आणि सासूबाईंची हरवलेली जपमाळ निघते. डॅशबोर्डवरचा गणपती देवघरात जातो. गृहस्थ त्या दिवशी गंभीर असतो. दुसऱ्या दिवशी तो वही घालतो.

वहीतला हिशेब असा असतो. रोजचे वीस किलोमीटर. शहरात चारचाकी लिटरला बारा किलोमीटर द्यायची, मोटरसायकल पंचावन्न देते. लिटरला शंभराच्या वर गेलेल्या पेट्रोलच्या भावाने महिन्याला चार हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, चार टायर, धुणाऱ्या पोऱ्याचे महिन्याचे पैसे. हा हिशेब बिनचूक असतो आणि तो ऐकल्याशिवाय सोसायटीच्या जिन्यातून खाली उतरता येत नाही. मात्र वहीची मांडणी बारकाईने पाहावी. तीत हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांचे रक्षक, पावसाळी बूट, मोबाइल अडकवायचा स्टँड आणि मागच्या दोन पिशव्या यांचा खर्च ‘एकदाच’ या सदरात टाकून विसरलेला असतो. पाहुण्यांसाठी, दवाखान्यासाठी आणि लग्नकार्यासाठी मागवलेल्या टॅक्सीचे पैसे तर वहीत येतच नाहीत, कारण टॅक्सीचे ॲप पत्नीच्या फोनमध्ये असते.

चारचाकी गेली तरी तिची जागा जात नाही. सोसायटीत नेमून दिलेला पार्किंगचा चौकोन हा गृहस्थ शेवटपर्यंत सोडत नाही. त्या चौकोनात तीन-चार मोटरसायकली सहज मावतात. तो आपली एकच मोटरसायकल बरोबर मधोमध, मेन स्टँडवर, लावतो. कडेला लावली तर उरलेली जागा मोकळी आहे असा कोणाचा समज व्हायचा. सेक्रेटरी वर्षभर सभ्यपणे सुचवून पाहतो. दुसऱ्या मजल्यावरचा, नव्याने दुसरी चारचाकी घेतलेला तरुण भाड्याने मागतो. गृहस्थ दोघांनाही रस्त्यावरच्या वाढत्या वाहनांविषयी सांगतो आणि जागा देत नाही. वार्षिक सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो, पाण्याच्या टँकरच्या विषयाहून जास्त वेळ चालतो आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो. चौकोनाच्या एका कोपऱ्यात कालांतराने मुलाची जुनी सायकल, रंगाचे डबे आणि एक कपाट येऊन राहते. ताबा कायम असल्याचा तो पुरावा असतो.

रस्त्यावर सुरुवातीचे काही आठवडे तो अत्यंत सुखी असतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्याला डावीकडच्या पट्टीतून काहीही न देता जाताना त्याला जो आनंद होतो, तो वाचलेल्या रकमेच्या मानाने फारच मोठा असतो. अनोळखी माणसे समोरून हाताची मूठ उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ अशी खूण करतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करायला बटणच नसते, हे तो प्रत्येकाला थांबून समजावू पाहतो. मग टोइंगचा टेंपो येतो. पुण्यात हा टेंपो मोटरसायकली ओळीने उचलतो. चारचाकीवाल्याला जॅमर बसतो, पण गाडी निदान जागेवर सापडते. या गृहस्थाला पहिल्या उचलेगिरीनंतर चौकीपर्यंत रिक्षाने जावे लागते. रिक्षाचे पैसेही वहीत येत नाहीत.

हेल्मेटच्या बाबतीत तो शहराशी फटकून वागतो. मोटर वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगते. पुणेकरांनी मात्र हा प्रश्न कायम स्वाभिमानाचा मानला. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. आपला गृहस्थ सीटबेल्टच्या सवयीने आलेला असल्यामुळे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालतो, आणि ते बरोबर आहे. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत मेलेल्या एक लाख अडुसष्ट हजार माणसांपैकी सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. पत्नीने हे आकडे कापून फ्रिजवर लावलेले असतात. त्यावर तो एबीएसचे कार्य समजावून सांगतो. हेल्मेटमुळे त्याला घरच्यांचे फोन आणि मागे बसलेल्या माणसाच्या सूचना ऐकू येत नाहीत, हा लाभ तो बोलून दाखवत नाही.

या माणसाची खरी कसोटी सामान आणि पाऊस. चारचाकीच्या डिकीत काय काय मावत होते याचा अंदाज तिच्याशिवाय येत नाही. मे महिन्यात मार्केट यार्डातून हापूसची पाच डझनांची लाकडी पेटी आणायची तर ती टाकीवर ठेवावी लागते. मग गुडघे दोन बाजूंना फाकवून, हनुवटी पेटीवर टेकवून, तो गुलटेकडीपासून घरापर्यंत येतो. वळताना हँडल पेटीला अडते, म्हणून तो शक्यतो सरळ रस्त्यांचा मार्ग शोधतो. जूनमध्ये रेनकोट निघतो. पुण्याचा पाऊस रेनकोट घालेपर्यंत वाट पाहतो आणि घातला की थांबतो. काढून घडी करून पिशवीत ठेवला की परत येतो. उड्डाणपुलाखाली जमलेल्या दुचाकीस्वारांत हा गृहस्थ लगेच ओळखू येतो. बाकीचे कुरकुरत असतात, हा पावसाचे समर्थन करत असतो.

भाद्रपदात गणपती आणायचा दिवस येतो. चारचाकीच्या काळात मूर्ती मागच्या सीटवर बसून यायची आणि सगळे कुटुंब भोवती. आता पुढे गृहस्थ, मागे टोपी घातलेला मुलगा, मुलाच्या मांडीवर पाट, पाटावर रुमालाने मुख झाकलेली मूर्ती, आणि पत्नी आपल्या स्कूटरवरून मागोमाग. वेग ताशी बारा किलोमीटर. प्रत्येक खड्ड्याशी मुलगा ‘मोरया’ म्हणतो, त्यात भक्तीपेक्षा सूचना अधिक असते. मागचे चारचाकीवाले हॉर्न वाजवतात, मूर्ती पाहून थांबतात आणि हात जोडतात. गृहस्थाच्या मते हे हात काही अंशी त्यालाही जोडलेले असतात. घरी पोचल्यावर, मूर्ती अशीच आणण्याची आपली मूळ परंपरा होती, असे तो आलेल्या पाहुण्यांना सांगतो. आजोबा मूर्ती पायी आणत असत, ही माहिती आई स्वयंपाकघरातून देते.

पत्नीचा या प्रयोगाला विरोध नसतो. तिची स्वतःची स्कूटर असते आणि ती चारचाकीच्या काळातही तिनेच जायची. पैठणी नेसून मागे बसायचे नाही, एवढे एकच कलम तिने घातलेले असते. आईला मोटरसायकलवर चढवता येत नाही आणि चढवले तर उतरवता येत नाही. थोडक्यात, मोटरसायकलवर राहतो तो एकटा गृहस्थच. बाकीचे कुटुंब टॅक्सीत असते.

मुंबईचा प्रवास हे छोटे प्रकरण आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, वरळीच्या सागरी सेतूवर आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही. गृहस्थ जुन्या महामार्गाने खंडाळ्याचा घाट उतरून एकदा जातो, वाशीच्या खाडीपर्यंत काळा होतो, आणि पुढच्या खेपेपासून शिवनेरीचे तिकीट काढतो.

आता मुख्य मुद्दा. चारचाकी सोडल्यापासून या गृहस्थाचा चारचाकीशी संबंध वाढतो. पूर्वी त्याला एक गाडी होती. आता मेहुण्याची, शेजाऱ्याची, साडूची आणि ऑफिसातल्या दोघांची अशा पाच गाड्यांचे वेळापत्रक त्याला ठाऊक असते. कोण कोणत्या शनिवारी कोल्हापूरला जाणार, कोणाच्या गाडीत मागे दोन जागा रिकाम्या, हे तो मोटरसायकल पुसता पुसता काढून घेतो. लग्नाला तो सहपरिवार पोचतो आणि परतताना यजमानाला हळूच विचारतो, ‘आपल्या बाजूला कोण निघालंय?’ मेहुण्याच्या गाडीत तो पुढच्या सीटवर बसतो, एसी कमी करायला सांगतो, टायरमधली हवा तपासली का विचारतो, आणि कात्रजच्या बोगद्यापर्यंत माणसाने चारचाकी का ठेवू नये हे पटवून देतो. मेहुणा टोल देतो.

काही गृहस्थ दोन-तीन पावसाळ्यांनंतर परत चारचाकी घेतात. ती नेहमी जुनी, लहान आणि ‘आईसाठी’ घेतलेली असते, आणि रोज सकाळी नऊला ऑफिसला जाते. हे परतलेले गृहस्थ निरुपद्रवी असतात. त्यांनी सोसायटीतली जागा राखून ठेवल्याचे त्यावेळी सर्वांना पटते. जे परतत नाहीत त्यांच्याविषयी मात्र सावध असावे. सोसायटीत असा एखादा असेल आणि आपण पहिली चारचाकी घेण्याच्या विचारात असू, तर पाचऐवजी सात सीटांची घ्यावी.