शिंद्यांचे सहाशे घोडे

टेबलावर मराठ्यांची लढाई मांडायची हौस असेल त्याने आधी भागाकार करून बघावा. अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक जमवायचे, रंगवायचे आणि फासे टाकत, टेपने अंतरं मोजत जुन्या लढाया नव्याने लढायच्या, असा आमचा छंद. त्यात एक बाहुला म्हणजे खरे पन्नास शिपाई, असा काहीतरी हिशेब धरावाच लागतो. मी आणि माझ्या मित्राने असईची लढाई निवडली. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली जमीन. एकीकडे आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दुसरीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले.

"मी मराठ्यांकडून," मी छाती काढून म्हणालो.

"बरं. मग मी इंग्रज," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला. माणूस हयातभर बँकेत होता.

वेलस्लीचे प्रत्यक्ष लढलेले लोक सुमारे साडेचार हजार. भागिले पन्नास, नव्वद बाहुले. खेळ खलास. शिंद्यांची कवायती पलटणं, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या हाताखालची, दहा हजारांवर; म्हणजे दोनशेहून जास्त. तोफा शंभरच्या घरात. आणि घोडदळ? हात आखडता घेऊन धरलं तरी तीस हजार. सहाशे घोडे! शिवाय घोडा रंगवून भागत नाही, वर स्वारही रंगवावा लागतो. त्यात स्वाराची किंमत पायदळाच्या शिपायाहून कितीतरी जास्त, वर विलायतेहून येण्याचं टपाल आणि कस्टम ड्यूटी. देशाभिमानाला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि ते पौंडात असतं.

बरं, या घोडदळाने तिथे गाजवलं काय? बहुतेक सगळं नुसतं उभं होतं. लढले ते कवायती पायदळवाले आणि गोलंदाज. आणि असे लढले, की पुढे वॉटर्लू जिंकलेला वेलिंग्टनही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती याचं उत्तर 'असई' असं देई. वसईच्या तहाच्या कृपेने वेलस्लीकडेही पेशव्यांचे स्वार होते, म्हैसूरचेही होते. तेसुद्धा केळणेपलीकडेच थांबले. "ते मी मांडत नाही," मित्र म्हणाला, "आपलं टेबल नदीच्या काठाशीच संपतं." माझे सहाशे मात्र टेबलाच्या बरोबर मधोमध येतात.

एक घोडा रंगवायचा म्हणजे काय, ते सांगतो. आधी साच्याची शिवण सुरीने तासायची. मग औषधाच्या बाटलीच्या झाकणावर तो चिकटवायचा, म्हणजे हातात धरता येतो. मग प्रायमरचा फवारा. पुण्यात जुलैत प्रायमर मारला, की हवेतल्या ओलीने घोड्याच्या अंगावर रव्यासारखी खर उठते आणि ताजातवाना घोडा खरजेने मरायला टेकलेला दिसतो. मग मूळ रंग, सांध्यांत मुरणारा पातळ तपकिरी रंग आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर उजळ हात. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत याला 'सोपी पद्धत' म्हणतात. मराठी घोडदळाला गणवेश नाही, त्यामुळे एक घोडा दुसऱ्यासारखा चालत नाही. कुमैत झाले, अबलख झाले, सब्जे झाले. हौसेने एक पंचकल्याणी घेतला: चार पांढरे पाय आणि कपाळावर पांढरा पट्टा. तीन पाय छान झाले. चौथ्याच्या वेळी शिंक आली.

तळाच्या चकतीवर माती दाखवायला चहाचा चोथा उत्तम. वाळवून, डिंकावर भुरभुरून वर काळा हात दिला की हुबेहूब मराठवाड्यातली जमीन. खिडकीत वर्तमानपत्रावर चोथा पसरलेला बघून आई म्हणाली, "अरे, आपल्यावर अशी वेळ आली का?"

न रंगवलेल्या ढिगाला या छंदातले लोक 'शिशाचा डोंगर' म्हणतात. माझा कपाटावर आहे. यांच्यातच बटणं मोजणारी एक जात असते. अमक्या पलटणीच्या कोटाची कॉलर अमक्या साली पिवळी होती की पांढरी, यावरून ती वर्षानुवर्षं बोलणं टाकते. माझा मित्र त्यातला. नव्वदच माणसं रंगवायची, म्हटल्यावर माणूस बटणं मोजणारच. सहाशेवाल्याला फक्त घोड्यांचे पाय दिसतात. "झाले का घोडे?" असा त्याचा रोज फोन येतो, थकलेल्या हप्त्याची आठवण करावी त्या आवाजात.

अशा वेळी मी विल्यम सायबर्नचं स्मरण करतो. या अधिकाऱ्याला १८३० मध्ये वॉटर्लूची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. पठ्ठ्या रणांगणावरच्या शेतवाडीत आठ महिने राहिला. वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून, संध्याकाळी सातला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, असं विचारत बसला. मध्येच सरकारने हात वर केले, तरी कर्ज काढून काम चालूच. १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रतिकृती मांडली तेव्हा तिच्यावर बोटाच्या पेराहून लहान असे पाऊण लाखाच्या आसपास सैनिक होते. आणि ज्याचा विजय मांडला, त्या वेलिंग्टनलाच ती पटली नाही. मदतीला आलेले प्रशियन फार दिसत होते. शेवटी सायबर्नने पुष्कळ प्रशियन उचलून टाकले. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ती आजही आहे. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ. वेलिंग्टनसुद्धा माणसं कमीच करायला सांगत होता."

परवा मात्र तो स्वतःहून म्हणाला, "असई राहू दे. पानिपत करू. १४ जानेवारी १७६१. अब्दाली माझा." मला आनंद लपवता येईना. अब्दालीकडे उंटावरच्या तोफा, जंबुरके! उंट रंगवणं म्हणजे काय, ते आता याला कळेल. घोड्याला निदान कुबड नसतं.

त्याने शांतपणे वही उघडली. "गारदी, हुजुरात, शिंदे, होळकर, हे तर झालंच. पण पानिपताला तुमच्याबरोबर बायकामुलं होती, बाजारबुणगे होते, काशी-प्रयागाला निघालेले यात्रेकरू होते. ते किती धरू?"

इतके यात्रेकरू रंगवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून सध्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या किल्ल्यावरच्या गवळणींचा भाव करतोय. रंगवलेल्याच मिळतात. उंची आमच्या हत्तीएवढी आहे, पण डोक्यावर घागर आहे, आणि पानिपतावर पाण्याची गरज होतीच. कुंभार डझनामागे एक वाघ फुकट देतो म्हणतोय.