एका दिवसाचा खटला

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं सांगून गेलेल्या पूर्वजांनी टेक्सास पाहिलं नव्हतं. तिथे 4 जून 2025 रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कॉलेजच्या फी-सवलतीच्या कायद्यावरून राज्यावर दावा ठोकला, राज्यानं तो मान्य केला आणि न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी निकालावर सही केली. सगळं त्याच दिवशी! आपल्याकडे एवढ्या वेळात वकिलाचा कारकून फाईलसुद्धा शोधून देत नाही.

राज्याचा कायदा कोर्टात राखायचं काम अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांचं. ते हरले आणि हरल्यावर टेक्सासचा विजय झाल्याचं त्यांनीच जाहीर केलं. वादी-प्रतिवादी एकाच पंगतीत बसले, की वाढप्याचं काम झटपट आटोपतं.

कायदा 2001चा. सही करणारे गव्हर्नर रिक पेरी, तेही पॅक्स्टन यांच्यासारखे रिपब्लिकनच. अमेरिकेतल्या वास्तव्याची कागदपत्रं नसलेला मुलगा तीन वर्षं टेक्सासात राहून तिथल्याच शाळेतून पास झाला, तर कॉलेजात त्याला राज्यातल्या मुलांची फी. मात्र त्यानं प्रतिज्ञापत्र द्यायचं, की पात्र होताच मी कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन. पात्र कसं व्हायचं, ते सरकारनं गुलदस्त्यात ठेवलं होतं.

केंद्राचा आधार 1996चा कायदा. निव्वळ वास्तव्यावर अशा मुलांना जी सवलत द्याल, ती देशातल्या कुठल्याही नागरिकाला द्या, असं तो म्हणतो. म्हणजे टेक्सासची चूक ध्यानात यायला 24 वर्षं गेली आणि दुरुस्तीला एक दिवस पुरला. राज्याच्या विधिमंडळात कायदा रद्द करायचं विधेयक आलं होतंच. 2 जूनला अधिवेशन संपलं, विधेयक तसंच राहिलं. आमदारांची मतं गोळा करत बसण्यापेक्षा हा मार्ग जवळचा.

आता ऑस्टिनच्या विद्यापीठात या मुलांना वर्षाला साधारण 11 हजार डॉलरऐवजी 40 हजारांच्या वर मोजावे लागणार. तोच मुलगा ह्यूस्टनच्या दुकानात पाठीवरची सॅक घ्यायला गेला, तर बिलात 8.25 टक्के विक्रीकर बिनबोभाट लागतो. गल्ल्यावरची बाई त्याच्याकडे रहिवासाचा दाखला मागत नाही. कर घेताना आपला, फी घेताना परका!

याच राज्यात टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर मागितले होते. 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं ते बंद पाडलं, म्हणून बारावीपर्यंत तरी शाळा फुकट आहे. 2025च्या खटल्यात मात्र ज्यांची फी वाढायची होती, ते विद्यार्थी 'आम्हालाही पक्षकार करा' असा अर्ज घेऊन आले, तेव्हा निकाल लागून मोकळा झाला होता.